पैसे मागायचे नाहीत

माझे भाऊजी गेले ते दुकानातच, हातात गरम इस्त्री असताना. पण जाण्याआधी त्यांनी इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं. डॉक्टर म्हणाले, तेवढं सुचलं हेच नवल. मला नवल वाटलं नाही. विजेची तीन बिलं थकली होती.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची ड्रायक्लीनिंगची लॉन्ड्री होती, वडिलांपासून चालत आलेली. आगगाडीच्या डब्यासारखा लांबट गाळा. पुढे काउंटर, मध्ये दोन्ही बाजूंना कपड्यांनी लगडलेल्या दांड्या आणि मागच्या भिंतीला टेकून हत्तीएवढं मशीन. ते घेतलं होतं पतपेढीच्या कर्जावर. लोक घरोघरी धुण्याचं यंत्र घ्यायला लागले नेमक्या त्याच वर्षी भाऊजींनी हे मशीन घेतलं. धंद्याची नाडी ओळखणं म्हणतात ते हे.

भेटायला माणसं मात्र खूप आली. सगळ्यांची रीत एकच. खुर्चीवर टेकायचं, उसासा टाकायचा, "फार चांगला माणूस हो" म्हणायचं, चहाचा कप खाली ठेवायचा आणि रिकामा झालेला हात खिशात घालून एक कागद बाहेर काढायचा. औषधवाला आला (औषध म्हणजे कपडे धुण्याचं, माणसाचं नव्हे), गाळेमालक आला, हँगरवाला आला. ज्याचा कागद सर्वांत जाड, तो सर्वांत जास्त हळहळला.

शेवटी पतपेढीचे वसुलीसाहेब आले. काटकुळे, काखेत फाईल, बोलणं मोजून मापून. कर्जाचे राहिलेले सगळे हप्ते चार महिन्यांत भरा, नाहीतर मशीन उचलून नेऊ, असं त्यांनी सांगितलं. चहाही घेतला नाही. म्हटलं, निदान हा माणूस सरळ आहे.

मशीन गेलं की दुकान गेलं आणि दुकान गेलं की ताई आमच्याकडे राहायला येणार, हे उघड होतं. आमच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. माझी बायको आणि ताई यांचं एकमेकींवर अतिशय प्रेम आहे आणि त्या दोघी दोन घरांत राहतात म्हणून ते टिकलं आहे. तेव्हा ताईचं दुकान वाचावं अशी सर्वांत कळकळीची इच्छा कुणाची असेल तर ती आमच्या हिची होती. त्याखालोखाल माझी.

मी विमा कचेरीत तक्रारींच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली आहेत. तक्ता आखायला बसलो. कुणाचं किती, कधीपासून, कुणाला आधी गप्प करायचं. ताईने तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती दांड्यांवरचे कपडे मोजत होती.

"दोनशे अठरा," ती म्हणाली. "धुऊन, इस्त्री करून पडलेत. कुणी न्यायलाच आलेलं नाही. काही तर आठ आठ वर्षांचे आहेत. ह्यांचीच धुलाई वसूल केली तर?"

"मग कर की! पत्ते कुठे आहेत?"

पत्ते नव्हते. नावंही नव्हती. प्रत्येक कपड्याला टाचणीने एक गुलाबी चिठ्ठी लावलेली, तिच्यावर नंबर आणि त्याखाली भाऊजींच्या किरट्या अक्षरात गिऱ्हाइकाचं वर्णन. नाव विचारणं म्हणजे माणसाला परकं करणं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात एकदा ऐकलेलं नाव दुसऱ्यांदा कसं विचारायचं? त्यापेक्षा माणूस कसा आहे तेच लिहून ठेवावं. पावती हरवली तरी बिघडत नाही. चाळीस वर्षं त्यांनी हाच कारभार केला आणि एकही कोट चुकीच्या अंगावर गेला नाही.

मी एकेक चिठ्ठी वाचू लागलो. "मान डोलावतो, पटलेलं नसतं." "डाग कसा पडला ते दर वेळी खोटं सांगतो. ऐकून घ्यावं." "बाई. सून बरोबर असली की गप्प." मी कपाळाला हात लावला. अशा पत्त्यावर पोस्टमन जाईल का?

"मी जाईन," ताई म्हणाली. "चाळीस वर्षं मीही काउंटरमागेच उभी होते ना? निम्म्या लोकांना मी ओळखते."

पहिल्या दिवशी आम्ही सहा कोट घेऊन निघालो, म्हणजे ताई पुढे आणि मी हँगर धरून मागे. पहिलं घर एका निवृत्त हेडमास्तरांचं. ते अंगणातच होते, सोबत मुलगा, सून, शेजारचे दोघं. मास्तर म्हणाले, कोट माझा नाही. ताईचा चष्मा दुकानात राहिला होता. ती मला म्हणाली, "चिठ्ठी बघ रे जरा." आता बघ म्हणजे बघ. पण एकतीस वर्षं तक्रारी मोठ्याने वाचून दाखवायची सवय. मी खणखणीत आवाजात वाचलं:

"विग. आपल्याला माहीत नाही असं दाखवायचं."

शेजारच्या दोघांनी आभाळाकडे पाहिलं. मास्तरांनी कोट घेतला, पाच वर्षं थकलेली धुलाई दिली, मोड परत घेतली नाही आणि चिठ्ठी माझ्या हातातून काढून तोंडात घातली. चावली. गिळली की नाही ते पाहायला आम्ही थांबलो नाही.

परतीच्या वाटेवर ताई माझ्यापुढे दहा पावलं चालली. घराशी आल्यावर एवढंच म्हणाली, "उद्यापासून तू फक्त हँगर धरायचे."

पण उद्या कुठे जायची वेळच आली नाही. सकाळी शटर उघडायच्या आधीच दुकानासमोर रांग लागली होती. लॉन्ड्रीवाल्याने गावातल्या प्रत्येकाबद्दल काहीबाही लिहून ठेवलंय आणि त्याचा मेहुणा ते दारोदार वाचत फिरतोय, अशी बोंब झाली होती. वर्षानुवर्षं कपड्यांची आठवण न झालेली माणसं पहिल्या नंबरासाठी कोपरं मारत होती. एक जण तर म्हणाला, "कोट ठेवा तुम्हाला, चिठ्ठी तेवढी द्या."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. ताईला बाजूला घेतलं आणि म्हटलं, चिठ्ठीचे वेगळे पैसे लाव. बंद पाकिटात दिली तर दुप्पट. चार महिने कशाला, चार दिवसांत पतपेढी मोकळी.

"ह्याला काय म्हणतात ठाऊक आहे का तुला?" ताई म्हणाली. "खंडणी म्हणतात. चल, टाचण्या काढ."

ज्याने त्याने आपला कपडा ओळखून दाखवला आणि तिने चिठ्ठ्यांच्या घड्या घालून दिल्या, एकही वाचून पाहिली नाही. धुलाई मात्र पैपैची घेतली. लोक कोपऱ्यात जाऊन चिठ्ठी उघडत. कुणी लाल होई, कुणी हसू दाबी. एक गृहस्थ परत आले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "माझ्या चिठ्ठीवर फक्त ‘राखाडी सूट’ लिहिलंय. बस्स? एवढंच?" त्यांची समजूत घालायला पंधरा मिनिटं लागली.

तिसऱ्या दिवशी बेकरीवाली आली. गल्लीच्या एका टोकाला ती बोलली की दुसऱ्या टोकाला कळतं. ती भांडायलाच आली होती. "काय लिहिलंय तुमच्या नवऱ्याने माझ्याबद्दल? वाचा! सगळ्यांसमोर वाचा!" ताईने चिठ्ठी तिच्याच हातात दिली. तिने तीही मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आवाज मोठा. मुलगी दवाखान्यात असताना पडदे टाकून गेली. पैसे मागायचे नाहीत."

ती थांबली. मग हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानाने हळू, म्हणाली, "मुलगी बरी आहे आता. दोन लेकरं आहेत तिला." पडद्यांचे पैसे काउंटरवर ठेवले आणि गेली.

त्या दुपारी आम्ही उरलेल्या चिठ्ठ्या चाळल्या. एकसष्ट चिठ्ठ्यांवर तीच ओळ होती. पैसे मागायचे नाहीत. नोकरी सुटलेला, पैसे मागायचे नाहीत. मुलाखतीसाठी कोट, पैसे मागायचे नाहीत. एकावर तर "कारण सांगितलं नाही, पण मागायचे नाहीत." माझं टाळकंच फिरलं. इकडे पतपेढीचे हप्ते थकवायचे, गाळ्याचं भाडं थकवायचं आणि तिकडे फुकट धुवायचं! मी भाऊजींना नाही नाही ते बोललो. गेलेल्या माणसाला बोलू नये, पण जिवंतपणी हे कळलं असतं तर तेव्हाच बोललो असतो.

"हे एकसष्ट जण आले की त्यांचेही पैसे घ्यायचे," मी म्हटलं.

"मागायचे नाहीत असं लिहिलंय."

"भाऊजींनी लिहिलंय! ते आता..."

"मागणार नाही," ताई म्हणाली. "दिले तर घेईन."

वीसेक जणांनी दिले. बाकीच्यांनी दिले नाहीत. एकाने तर सूट उलटापालटा करून पाहिला, बाहीवर सुरकुती आहे म्हणाला आणि ती काढून घेऊन गेला. इस्त्री मीच केली. तोंड बंद ठेवून.

चार महिने भरले तेव्हा दोन हप्ते कमी पडले. वसुलीसाहेब चार हमाल घेऊन मशीन न्यायला आले. मी मनातल्या मनात ताईसाठी आमच्या बाहेरच्या खोलीत पलंग लावला. साहेबांनी टेपने मशीन मोजलं, मग दार मोजलं, मग पुन्हा मशीन मोजलं. मशीन दारापेक्षा हातभर रुंद निघालं.

"आत आणलं कसं?" त्यांनी विचारलं.

ताईने शांतपणे सांगितलं, "मशीन आधी आलं. पुढची भिंत मालकांनी नंतर बांधली."

गाळेमालकाला बोलावलं. साहेब म्हणाले, भिंत पाडा. मालक म्हणाला, भिंत माझी, कर्ज तुमचं. साहेबांनी नियम काढला, मालकाने भाडेकरार काढला, हमालांनी बिड्या काढल्या. तो वाद पुढे अडीच महिने चालला आणि एवढ्या अवधीत ताईने उरलेल्या कपड्यांची घरं पालथी घातली.

त्यातलं एक घर मी विसरणार नाही. तपकिरी कोट होता, दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. कोट पाहून म्हणाल्या, "हे जाऊन सहा वर्षं झाली." आम्ही ओशाळलो. ताईने तरीही चिठ्ठी दिली. "शिट्टी वाजवत येतो. फार गोड वाजवतो. आपण दिसलो की लाजून थांबतो."

बाईंनी ती दोनदा वाचली. "शिट्टी?" त्या म्हणाल्या. "घरात कधी वाजवली नाही हो." मग त्यांनी आम्हाला बसवलं आणि कुठली शिट्टी, कुठलं गाणं, असं तासभर विचारत राहिल्या. ताईने आठवेल तसं गुणगुणून दाखवलं. तिचा आवाज मुळीच चांगला नाही, पण बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

रस्त्यात ताई अचानक थांबली. "हे गेल्यावर एवढी माणसं आली," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, फार चांगला माणूस. चांगला म्हणजे कसा, ते एकाला तरी सांगता आलं का रे? किती देणं आहे ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ."

माझा तक्ता माझ्या खिशातच होता.

त्यानंतर तिने एक नवीनच खूळ काढलं. ज्याचं देणं फिटेल त्याच्याकडून पावती घ्यायची आणि तिच्याखाली भाऊजी कसे होते ते लिहून घ्यायचं. औषधवाल्याने बराच विचार करून "बरे होते" असं लिहिलं. गाळेमालकाने पाच ओळी लिहिल्या, त्या पाचही भिंतीबद्दल. मी म्हटलं, ताई, लोक हसतील. ती म्हणाली, हसू देत.

शेवटी पतपेढीचा शेवटचा हप्ता आला. साहेब काउंटरवर पैसे मोजत बसले. दोनदा मोजले, पावती फाडली, शिक्का मारला. मशीन आता ताईचं झालं होतं. आमच्या हिला केव्हा एकदा सांगतो असं मला झालं. ताईने पावती उलटी करून साहेबांपुढे परत सरकवली.

"रक्कम बरोबर आहे. मागच्या बाजूला ते कसे होते ते लिहा."

"कोण?"

"कर्जदार."

"बाई, आमच्याकडे अशी पद्धत नाही."

"लिहू नये असा नियम आहे का?"

साहेबांनी खरोखरच आठवून पाहिलं. नसावा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. दांड्यांवर आता मोकळी जागा झाली होती, तिकडे बघत राहिले. मग खाली मान घालून भराभरा लिहिलं, फाईल काखेत मारली आणि "येतो" म्हणून जवळजवळ पळालेच.

ताईने चष्मा लावला. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. "हप्ता चुकला की लपत नसत. स्वतः येऊन सांगत. एकदा माझ्या कोटाचं तुटलेलं बटण कार्यालयातच बसून लावून दिलं. पुढच्या महिन्यात दुसरं."

साडेसहा महिन्यांत ताईच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. ते आता आलं, आणि तिने ते पुसलंही नाही.

"दोन बटणं?" ती म्हणाली. "मला एकच सांगितलं होतं त्यांनी."