पडद्याच्या मागच्या अंगाला

तिसगावच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा आईनं माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि एकच गोष्ट सांगितली. "मुंबईत पिक्चर बघशील तर मला लिव. अन् पुरता लिव, अर्धा न्हाई." दुष्काळाचं साल होतं. विहिरीनं तळ दाखवला होता, आई आणि धाकटी बहीण शांता रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या, आणि हिला निघतानिघता पिक्चर सुचत होता! मला रागच आला. गाडी हलल्यावर कळलं, दुसरं काही बोलली असती तर तिला रडू फुटलं असतं.

पुरता लिव म्हणायला कारण होतं. आमच्याकडे बाजाराला सिनेमाचा तंबू यायचा. पडद्याच्या पुढं गडीमाणसं, मागं बाया. आईनं जन्मात जेवढे पिक्चर पाहिले ते सगळे मागच्या अंगानं, म्हणजे उलटे. नायक डाव्या हातानं जेवायचा, नायिकेचा पदर भलत्याच खांद्यावर. "शिकलेला दिसतोय मेला, पण डाव्या हातानं जेवतोय," असं ती चिडून म्हणायची. त्यात शेवट जवळ आला की जनरेटर बंद पडायचा, नाहीतर रीळ तुटायची. लोक शिट्ट्या मारून दमले की घरची वाट धरायचे. आईच्या डोक्यात असे कितीतरी अर्धे पिक्चर अडकून पडले होते.

मुंबईत मी औषधाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात लागलो. एका खोलीत आम्ही नऊजण, पाळीपाळीनं झोपायचो. माझी सतरंजी रिकामी व्हायला संध्याकाळ उजाडायची. मग सकाळपाळी सुटली की मी थेट दुपारच्या खेळाला जाऊन बसायचो. पिक्चरची हौस म्हणाल तर नव्हती, खरं सांगतो. तिथं पंखा होता आणि पाठ टेकायला खुर्ची होती. अंगाचा पिट्टा पडलेला असायचा. मध्यंतरापर्यंत कसाबसा तग धरायचो, मग डोळा लागायचा तो डोअरकीपरनं खांदा हलवेपर्यंत.

तेव्हा माझी मतं म्हणजे पहिल्या अर्ध्याची मतं. नायक नांगर धरतो तेव्हा त्याची नजर बैलांवर नसते, नायिकेवर असते; असा नांगराचा तास सरळ कसा जाईल? दुष्काळाच्या पिक्चरमध्येसुद्धा नायिकेचं तोंड पावडरीनं पांढरं. आमच्या शांताचं खडीच्या धुळीनं व्हायचं, पण ते दाखवायला कुणी कॅमेरा घेऊन आलं नाही. खलनायक मात्र बरे वाटायचे. निदान ते सुरुवातीपासून कामाला लागलेले असत.

पुढचं काय ते मला ठाऊक नसायचं आणि आईला तर पुरता हवा. मग इनलँड पत्रावर शेवट मीच लावून द्यायचो. आणि काय सांगू, माझ्या हातून एकच शेवट उतरायचा : पोरगा घरी येतो. दरोडेखोर शरण यायचा आणि घरी यायचा. कॉलेजातलं प्रेमप्रकरण असलं तर दोघं लग्न करून गावाला यायचे. एकदा भुताचा पिक्चर होता, मी ते भूतसुद्धा घरी पाठवलं. शांता पत्र वाचून दाखवायची आणि आई म्हणे शेवट दर वेळी दोनदा वाचायला लावायची. मी स्वतः मात्र दोन वर्षं गेलो नव्हतो. रजा मिळत नाही असं लिहायचो. ते खोटं नव्हतं, पण तेवढंच खरंही नव्हतं. जायचं, दोन दिवस राहायचं आणि पुन्हा त्या स्टँडवर उभं राहायचं, याची मला धास्ती बसली होती.

मग शांताचं पत्र आलं. "दादा, तू लिहिलेला तो शहरात गेलेल्या पोराचा पिक्चर इथं तंबूत आलता. या खेपेला रीळ तुटली न्हाई. पोरगा येत न्हाई रे शेवटी. म्हातारी वाट बघून मरती. मला तुझा लई राग आला. पण आई रडली न्हाई. वाटेनं बाया चुकचुकाया लागल्या तशी म्हणाली, आपण मागच्या अंगाला बसलो, म्हून उलटं दिसलं. पुढून बघनाराला पोरगा घरी आलेला दिसतो. माझ्या लेकानं पुढून बघितलाय."

मी पत्र घडी करून खिशात ठेवलं. आईनं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तरीही मी गेलो नाही. शेवटी तीच आली, गावच्या एका जोडप्याच्या सोबतीनं, आठ दिवसांसाठी. तोवर मी चाळीत वेगळी खोली केली होती आणि शेजारच्या मास्तरांकडे टीव्ही आला होता. सगळी चाळ त्यांच्याकडे जमायची. एका कार्यक्रमात कडक इस्त्रीतला एकजण विहिरीची निगा कशी राखावी ते सांगत होता. "इहिरीत उतरलाय का कधी ह्यो?" आईनं मोठ्यानं विचारलं. दर आठवड्याला एक कौटुंबिक नाटुकलं लागायचं, त्यात घरभर माणसं एकाच सोफ्यावर बसून भांडायची. "ह्यांना कामं न्हाईत का?" आई म्हणाली. मग उठून टीव्हीच्या मागं जाऊन बघून आली.

"ह्याला मागचं अंग न्हाई व्हय?"

"नाही हो आजी," मास्तर म्हणाले, "सगळ्यांनी पुढूनच बघायचं."

रविवारी संध्याकाळी पिक्चर लागला. दोन चोर आणि एका देवळातला खजिना. आई जन्मात पहिल्यांदा पुढून बघत होती, ताठ बसून. मी तिच्या शेजारी होतो. आठवडाभर जादा काम केलेलं. व्हायचं तेच झालं. जागा झालो तेव्हा माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि लोक सतरंज्या झटकत होते.

"आई, शेवटी काय झालं गं?"

तिनं खांद्यावरचा पदर सारखा केला. "पोरगा घरी आला," म्हणाली.

मास्तरांची मुलगी फिसकन हसली. त्या पिक्चरमध्ये ना कुणाचा पोरगा होता, ना कुणाचं घर.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, आठ दिवस भरले तशी, आई परत गेली. मी तिसगावला राहायला कधीच गेलो नाही. गावकऱ्यांनो, तुम्ही जे तिथं राहिलात ते अजून विचारता, कधी येतोस. माझ्यासारखे जे निघून आलात ते विचारत नाही. आईला वारून बरीच वर्षं झाली. आता टीव्ही स्वतःचा आहे आणि डोळा अजूनही अर्ध्यातच लागतो. जाग आली की शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारायचं तोंडावर येतं, शेवटी काय झालं गं? माझ्यापुरतं घर आता तेवढंच उरलं आहे, ते एक खोटं उत्तर देणारं माणूस. खुर्चीत कुणी नसतं. मी टीव्ही बंद करतो आणि आतल्या खोलीत जाऊन पडतो.