परवानगी घरात, बंदूक ठाण्यात

निवडणूक लागली की माझं डोकं फिरतं. लोकांचं प्रचारानं फिरतं, माझं बंदुकीनं. बाराबोरची, दोन नळ्यांची, बापाच्या मागं माझ्या नावावर आलेली बंदूक. लायसनवर कारण लिहिलं आहे, पीकसंरक्षण. मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर होऊन नागपुरात राहतो. ज्या पिकाचं संरक्षण करायचं ते भिवापूर तालुक्यात, पाच एकर, धाकटा भाऊ कसतो. आचारसंहिता लागली की भिवापूरच्या ठाण्यातून फोन येतो, बंदूक जमा करा. मग निकाल लागेपर्यंत ती त्यांच्या कपाटात.

ह्या वेळी डोकं जास्त फिरलं, कारण ह्या वेळी परवानगी होती.

रानडुकरांचं सांगतो. चणा पेरला, कोंब वर आला की डुकरं ओळ धरून उकरत जातात. मिरची खात नाहीत हरामखोर, पण मुळाखालचे किडे त्यांना हवे असतात, म्हणून झाडं उताणी. मारायचं तर वनखात्याची परवानगी पाहिजे. ती मागायला गेलं की आधी अर्ज, मग पंचनामा, मग साहेब दौऱ्यावर. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. विधानसभा जवळ आली तशी सरकारला अचानक डुकरं दिसायला लागली. वरून हुकूम सुटला, परवानग्या झटपट द्या. आमच्या गावात उमेदवारानं मंडप टाकून त्या वाटल्या. मला तर हार घातला, कारण गावात लायसनची बंदूक एकच. कागदावर अटी होत्या: मुदत एक महिना, लायसन ज्याचं त्यानंच मारायचं, मारल्यावर वनरक्षकाला कळवायचं. तो कागद मी घडीसुद्धा न घालता घरी आणला.

भावाच्या अंगणात तेव्हा तारेचं बंडल पडलेलं होतं. बांबूचे खुंट तासून ठेवले होते. मला विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे डुकरांना कंटाळलेला माणूस शेवटी धुऱ्याभोवती, म्हणजे शेताच्या बांधाभोवती, उघडी तार ओढतो आणि तिच्यात करंट सोडतो. शेजारच्या गावात अशाच तारेला चिकटून एक मजूर बाई गेली होती, कापूस वेचायला सकाळी लवकर निघालेली. मी ओरडलो, "लाज नाही वाटत तुले? माणसं मारतं का?"

"मग काय करू गा दादा? आरती ओवाळू डुकरायची?"

"तार लावायची नाही. मी येतो बंदूक घेऊन. दोन पाडली की बाकीची फिरकत नाहीत."

"येशीन ना पक्का?"

"बापाची शपथ."

त्यानं तार गुरांच्या कोठ्यात नेऊन टाकली. माझी भावजय, त्याची बायको, दारात उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या पोटचं पोर वाचवलं. ते बघून मी फुगलो, खोटं कशाला बोलू!

चार दिवसांनी आचारसंहिता लागली.

आता माझी चूक सांगतो. आमचे लोक छप्पन साली नागपुरात बौद्ध झाले, त्यांच्यात माझा बाप होता. ज्या ठाण्याच्या ओसरीवर त्याच्या बापाला चढू देत नसत, त्याच ठाण्यात हा लायसनची बंदूक घेऊन जायचा, खुर्चीवर बसायचा, आणि तालुक्यात सगळ्यांत आधी जमा करायचा. म्हणायचा, संविधान आपलं आहे, आपण पहिले पाळायचं, मग दुसऱ्याला सांगायचं. रजिस्टरात पहिला नंबर आमचा. ही रीत मी कधी मोडली नाही. ह्याही वेळी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्याच दिवशी गेलो. टेबलावरचा हवालदार भला माणूस. म्हणाला, "काका, डुकराचा त्रास असन तं सूट मागाचा अर्ज टाका, कमिटी पाहते. एखाद्यावेळेस भेटते बंदूक ठेवाले."

आणि मी, दीडशहाणा, म्हणालो, "आमच्या घराण्यात कोणी सूट मागितली नाही."

सही केली, पावती घेतली, पहिला नंबर पाहिला आणि छाती काढून बाहेर पडलो. बसस्टॅंडवर चहा घेताना ध्यानात आलं, अरे, शपथ कुठं गेली? तरी परत गेलो नाही. लोक काय म्हणतील, आता कसा आला मागायला! ताठा म्हणतात तो हा.

पुढचे दिवस मी घरात टिकलो नाही. पेपर हातात घेतला की वाचवेना, जेवायला बसलो की उठावं वाटे. रोज फोन. "लावली का तार?" "नाही लावली." "खरं सांग." "नाही लावली म्हणलं ना!" बायको म्हणाली, माझ्या बाळंतपणात सुद्धा तुम्ही इतकी चौकशी केली नव्हती. हसलो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. कारण भावजय सकाळी फोनवर यायची बंद झाली होती. आधी सातला फोन केला की तीच उचलायची. आता पुतणी सांगे, आई शेतात गेली. सातला शेतात काय करते? रोज? तिकडे कागदाची मुदत एक एक दिवस सरत होती.

माझं मत अजून गावातच आहे. मतदानाच्या दिवशी पहिली एसटी पकडली, पण बूथवर न जाता सरळ शेताकडे निघालो. पायवाटेनं धुऱ्यावर चढणार तोच ओरडणं ऐकू आलं, "भाऊ, थांबा! पाय टाकू नोका!"

भावजय बाभळीखाली बसली होती. माझ्यापुढं दोन हातांवर, गवतात, तार.

उचललेला पाय मागं घेतला. खाली बसलो.

मग तिनं सांगितलं. बंदूक जमा झाली त्याच आठवड्यात तार लागली. पूर्वी वावरातली वीज सकाळी सहाला जायची, आता सरकारला मतं पाहिजेत म्हणून जातच नव्हती. नवरा मनात येईल तेव्हा करंट काढे. आज तर बूथवर काम मिळालं म्हणून पहाटेच गेला, मोटारीच्या स्विचपेटीची किल्ली खिशात घेऊन. आणि ही रोज झुंजूमुंजू होताच इथं येऊन बसे. डुकरं हाकलायला नव्हे. माणसं हाकलायला.

"मले काहून नाही सांगतलं वं बाई?"

"सांगतलं असतं तं तुम्ही ठाण्यात गेले असते. तुमचा काय भरोसा!"

खरंच गेलो असतो.

तिला म्हणालो, जा, मत टाकून ये, मी बसतो. ती गेली. एक बाई शेळ्या घेऊन आली. मी काठी उगारून असा धावलो की तिनं मला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. प्रचाराच्या पोरांनी मोटरसायकल थांबवून विचारलं, काका, मतदान झालं का? त्यांच्यावरही खेकसलो. वारा आला की गवत हले आणि तार दिसेनाशी होई. दोन तासांत माझा घसा बसला. ही बाई महिनाभर इथं बसली होती.

ती भाकरीचा डबा घेऊन परत आली. मी म्हणालो, "पुढच्या वेळेस सूट मागायचा अर्ज टाकतो. नक्की."

ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "पुढच्या वेळेस म्हंता भाऊ? मी अजून किती दिवस बसू, तेवढं सांगा."

उठलो. दगडानं पेटीचं कुलूप फोडलं, वाळक्या बांबूनं मेन स्विच पाडला, फ्यूजचे कटआऊट काढून खिशात टाकले. मग तार गुंडाळत सुटलो. हात सोलले. भाऊ आला तेव्हा अर्धी गुंडाळून झाली होती.

"बंदूक दे," तो म्हणाला. "नाही तं तार दे. दोनातलं एक दे."

माझ्याकडे द्यायला दोन्हीतलं काहीच नव्हतं. तार मी नागपूरला नेली, एसटीत लगेजचं तिकीट स्वतः मागून फाडून घेतलं. मत राहूनच गेलं.

तीन रात्रींत चणा साफ झाला. निकाल लागला, हार घालणारा निवडून आला. बंदूक मिळाली तोवर कागदाची मुदत संपलेली. नवीन मागायला गेलो तर म्हणे, जुना हुकूम सरकार बसल्यावर पाहू, नवीन मंत्री काय म्हणतात ते कळू द्या. आता जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची चर्चा सुरू आहे. बंदूक पुन्हा जाईल.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. फोन केला की कट करतो. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही, चणा त्याचा गेला आहे.

परवा भावजयीचा फोन आला, सकाळी सातला. मी विचारलं, "काही राहिलं का वावरात?"

"काई नाही राहिलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण भाऊ, मी आता सकाळी घरीच चहा पेते."