साराबाईंची लॉरी

साराबाई आमच्या घरी आल्या की आधी लॉरीची खुशाली सांगत आणि मग माणसांची. "लॉरी दमलीया, आज घरीच हाय," असं म्हणत उंबऱ्यावर टेकायच्या. श्रीरामपुरात आमची घरं शेजारी-शेजारी होती. त्यांचे यजमान योसेफराव यांनी लष्कराने लिलावात काढलेली एक जुनी, परदेशी बनावटीची लॉरी घेतली होती. आजच्या मोठ्या मालट्रकांपुढे ती मध्यमच म्हणायची, पण मागे चांगली लांब होती. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. रविवारी चर्चहून आल्यावर योसेफराव इंजिन पुसत आणि साराबाई केबिन.

केबिनमध्ये कारखान्याने बसवलेली एक छोटी पितळी पाटी होती. साराबाई ती चिंचेने घासून लख्ख करायच्या, पण तिच्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. मी मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला होतो, अशा पाट्या वाचणं माझ्या रोजच्या कामातलं. एकदा मी त्यांना अर्थ सांगितला. सुरुवातीचे आकडे मॉडेलचे, मधलं अक्षर पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचं, आणि शेवटचा क्रमांक तिचा एकटीचा. तोच क्रमांक खाली लोखंडी सांगाड्यावरही ठोकलेला असतो आणि जगात दुसऱ्या कुठल्या लॉरीला तो मिळत नाही. साराबाई खूश झाल्या. "म्हंजी बाप्तिस्म्याचं नावच की तिचं," म्हणाल्या.

मोठ्या दुष्काळाच्या थोडं आधी योसेफरावांनी अंथरूण धरलं. लॉरी उभी राहायला नको म्हणून ती ओळखीच्या एका ड्रायव्हरकडे चालवायला दिली. तो माल घेऊन गेला तो परत आलाच नाही. पोलिसांत तक्रार दिली, लोकांना विचारलं, काही पत्ता लागला नाही. वाट बघता बघता योसेफराव गेले. मातीहून परतल्यावर साराबाई मला म्हणाल्या, "जाताना ह्यांनी माझं न्हाई इचारलं. लॉरी आली का म्हून इचारलं." आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या घरात बापाने मुलीचं विचारावं, तसं त्या ते सांगत होत्या.

दुष्काळ ऐन भरात असताना दुकानाच्या कामाने मी नगरला गेलो होतो. नागापूरजवळच्या एका गॅरेजमध्ये मला ती दिसली. लाल रंग जाऊन निळा आला होता, तरी ठेवण तीच. परत येऊन मी साराबाईंना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघांनी नगर गाठलं. साराबाई लॉरीभोवती एकदा फिरल्या. पायरीवरचा पोचा त्यांनी चाचपला, सीटमागची फळी बोटांनी बघितली आणि हळूच म्हणाल्या, "हीच."

लॉरीचे नवे मालक भानुदासराव पाथर्डीकडचे. कडबा भरून गुरांच्या छावण्यांना पोचवायचे. त्यांनी ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या दलालाकडून रीतसर घेतली होती आणि कागद चोख होते. ते भांडले नाहीत. "खात्री करून घ्या," म्हणत त्यांनी स्वतःच माणूस पाठवून चौकीतून फौजदारांना बोलावून आणलं.

फौजदारांनी केबिनमधल्या पाटीवरचा क्रमांक कागदांशी ताडून बघितला. तो जुळला. मग मी ती पाटी वाचली. मधलं अक्षर आखूड लॉरीचं होतं. गॅरेजमधला टेप घेऊन चाकांमधलं अंतर मोजलं, तर समोरची लॉरी त्याहून कितीतरी लांब भरली. म्हणजे पाटी दुसऱ्याच गाडीची काढून इथे बसवलेली. कारखान्याच्या रिव्हेटांच्या जागी साधे स्क्रूही होते. मी घाईघाईने खाली वाकून सांगाड्यावरचा ठोकलेला क्रमांक शोधला. ती जागा घासून सपाट केली होती. इंजिनाच्या क्रमांकाचाही उपयोग नव्हता, कारण योसेफरावांनी मागेच इंजिन बदललं होतं आणि त्याची सरकारदरबारी नोंद करायची राहून गेली होती.

फौजदार भले गृहस्थ होते. पाटी या लॉरीची नाही हे त्यांना पटलं. पण त्यामुळे लॉरी साराबाईंची आहे असं काही ठरत नव्हतं. वाद आहे म्हणून जप्त करता येईल, म्हणाले, मग कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती चौकीच्या आवारात उभी राहील. तो कधी लागेल ते त्यांना सांगता येईना.

भानुदासराव टोपी हातात घेऊन उभे होते. "बाई, तुमची आसंल बी. मी न्हाई म्हनत न्हाई," ते म्हणाले. "पर कडबा भरून ठिवलाय. छावनीत गुरं कालपास्नं..."

मी साराबाईंना बाजूला घेऊन जप्तीला हो म्हणा म्हणालो. त्यांचा हात लॉरीच्या मडगार्डवर होता. त्यांनी मला विचारलं, तिचा आकडा आणखी कुठे लिहिलेला नसतो का? मी नाही म्हणालो. मडगार्डवरचा हात काढून त्या फौजदारांकडे वळल्या.

"जाऊ द्या तिला. हुबी राहिली तर गंजून मरंल."

भानुदासरावांनी हात जोडले. साराबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. लॉरी सुरू झाली, रस्त्याला लागली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

परतीच्या एसटीत कोल्हार गाव मागे पडलं. साराबाई एकदम म्हणाल्या, "ती पाटी मग कुनाची, दत्तूभाऊ?"

"दुसऱ्या एका आखूड लॉरीची," मी म्हणालो.

"त्ये कळलं. पर ती लॉरी कुनाची हुती? त्यो मानूस बी हुडकत आसंल की."

त्या पाटीवरून मॉडेल सांगता आलं असतं, लांबी सांगता आली असती, ती किती वजन ओढते तेही. मालकाचं नाव मात्र कुठल्याच पाटीवर नसतं.

त्यानंतर साराबाईंनी स्वतःच्या लॉरीचं नाव काढलं नाही. पण दुकानावरून जाताना थांबायच्या आणि आखूड लॉरीची चौकशी करत कुणी आलं होतं का, विचारायच्या. बाहेरगावचे कितीतरी ड्रायव्हर आमच्याकडे येत, त्यांना मी खरोखरच विचारत असे. कुणाला काही माहीत नव्हतं.

पुढे त्या मिशनच्या दवाखान्यात होत्या तेव्हा मी भेटायला गेलो. आवाज पार खोल गेला होता. तरी त्यांनी तेच विचारलं आणि मी पुन्हा नाही म्हणालो.

"येतील," त्या म्हणाल्या. "आलं तर सांगा त्यान्ला, पाटी बगितली म्हनावं. धड हाय."