आबांच्या ट्रॉल्या

माझ्या वडिलांनी, आबांनी, बावीस वर्षं विमानातल्या ट्रॉल्या बनवल्या आणि विमानात ते एकदाच बसले. त्या वेळी मी त्यांच्याशी जसं वागलो, ते अजून मला सलतं.

आबा बीडहून कामासाठी चिंचवडला आले. भोसरीतल्या एका शेडमध्ये राष्ट्रीय विमान कंपनीसाठी जेवणाच्या ट्रॉल्या बनायच्या. ॲल्युमिनियमच्या, अरुंद, सीटांमधल्या वाटेतून सरकतील अशा. त्यांची चाकं आणि ब्रेक आबांकडे असायचे. लाल पेडल दाबलं की ट्रॉली थांबते, हिरवं दाबलं की सुटते, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. आकाशात विमान दिसलं की आबा मान वर करून म्हणायचे, "आपल्या कंपनीचं हाय." विमान कुणाचं का असेना.

मग कंपनीच्या ताफ्यात नवी विमानं आली आणि त्यांच्यासोबत हलक्या परदेशी ट्रॉल्या. शेडचं काम आटलं. मालकानं एका शनिवारी सगळ्यांना चहा पाजला आणि सोमवारपासून येऊ नका म्हणाला. आबा रावेतच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. कंपनीला त्यांनी कधी शिवी दिली नाही. शिव्या मीच द्यायचो.

पुढे मी चाकणला इंजिनिअर म्हणून लागलो. ताई दिल्लीला असते, दाजी फौजेत. तिला मुलगा झाला तेव्हा मी आबांना विमानानं न्यायचं ठरवलं. आई गुडघ्यांमुळे घरीच राहिली. दुसऱ्या एका कंपनीच्या विमानाची वेळ सोयीची होती, पण आबा अडून बसले. "जायाचं तर आपल्याच कंपनीनं."

विमान जुनं निघालं. आबा वाटेच्या कडेला बसले होते, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. जेवणाची ट्रॉली आमच्या रांगेशी थांबली आणि आबा एकदम वाकून तिच्या चाकापाशी चाचपू लागले. हवाई सुंदरी दचकली.

"सर, प्लीज, हात काढा. लागेल तुम्हाला."

"ताई, ह्याचा ब्रेक म्या..."

पलीकडचा टाय लावलेला माणूस हसला. मी आबांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

"गप बसा ना आबा! चार लोकांत लाज काढता."

आबांनी हात मांड्यांखाली घेतले. जेवण घेतलं नाही. त्या मुलीनं दोनदा विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. दिल्लीत नातवाला मांडीवर घेतल्यावर हसले, माझ्याशी मात्र कामापुरतं बोलले. परतीचं विमान सोडून एकटेच रेल्वेनं आले, रिझर्वेशन नसताना. एवढं केलं त्याचं हे फळ, असं मी ताईला बोलूनही दाखवलं.

दोन वर्षांनी आबा गेले. तेरावं झाल्यावर आई भांडी आवरत होती. मी सहज म्हणालो, "आबांना विमान काही मानवलं नाही."

आई थांबली. "त्या जेवणाच्या गाडीच्या पेडलाखाली ह्यांच्या शेडचा शिक्का हुता. बोटाला लागला त्यांच्या. रेल्वेतनं उतरून घरी आले तवा समदं सांगितलं. म्हनले, अजून चालतीया आपली गाडी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगतच हुते की. तू दंड धरलास."

माझ्या चाकणच्या कंपनीच्या कामानं मी आता सारखा दिल्लीला जातो. त्या मार्गावर ती जुनी विमानं राहिलेली नाहीत. जुन्या ट्रॉल्यांचं काय होतं, असं एकदा मी विमानातल्या एका मुलीला विचारलं. "स्क्रॅपला जात असतील, सर," ती म्हणाली. त्यानंतर दोन रविवार मी कुदळवाडीतली भंगाराची दुकानं पालथी घातली. मोटारींचे पत्रे, कपाटं, कुलर, सगळं होतं. विमानातल्या ट्रॉलीचं विचारल्यावर शेवटच्या दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"विमानाचा माल हितं कशाला येईल, साहेब? तुमी शिकलेले दिसता."