मिरजेतला नाताळ आणि आमची धाकटी

तिसरीही मुलगीच झाली तेव्हा माझ्या सासूबाई खाटेजवळ आल्या, दुपट्यात डोकावल्या आणि "सुटलीस एकदाची," एवढंच बोलून खिडकीशी जाऊन बसल्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात सुईणीनं हात टेकले म्हणून मला मिरजेच्या मिशन दवाखान्यात आणलं होतं. नवरा फौजेत, दूर सरहद्दीवर. जवळचं माणूस म्हणजे या एकट्याच. माझं सगळं मायेनं करायच्या, पण पोरीला काही मांडीवर घेईनात. विचारलं की म्हणायच्या, "सोयर हाय." अहो, सोयर काय, घरातल्या सगळ्यांना असतं, त्यांनाही होतंच. पण बाळंतिणीनं किती भांडायचं? मी आतल्या आत धुमसत राहिले.

नाताळाच्या आदल्या दिवशी एक नर्सबाई आली. दरवर्षी दवाखान्याच्या अंगणात येशूजन्माचा देखावा करायचे, आणि नेमकी गव्हाणीत ठेवायची बाहुली उंदरांनी कुरतडली होती. तुमचं बाळ द्याल का, म्हणाली.

"तुमचा द्येव बाप्या," सासूबाई खिडकीशी बसूनच म्हणाल्या, "आन् ही पोरगी."

"चालतंय की आजी. देवाला काही फरक पडत नाही."

मी लगेच होकार दिला. निम्मा नर्सबाईसाठी, निम्मा सासूबाईंना खिजवायला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर अंगण भरलं. पेशंट, त्यांचे नातेवाईक, सतरंज्यांवर शेंगा फोडत बसलेले. देखाव्यात गाय खरी होती आणि तिचं सगळं लक्ष गव्हाणीतल्या कडब्याकडे, त्यामुळं तिला सारखं मागं ओढावं लागत होतं. त्याच कडब्यावर चादर टाकून माझी लेक गाढ झोपलेली. पेटीवर गाणं झालं आणि नर्सबाई सांगू लागली. देवाच्या आईला बाळंतपणाला कुणी घरात घेतलं नाही, म्हणून देव गोठ्यात जन्मला. त्याला माणसांवर माया करायची होती. थाटामाटात आला असता तर लोक पाया पडून लांबच उभे राहिले असते. म्हणून तो कुणीही उचलून घ्यावं एवढा लहान झाला.

सासूबाईंचा शेंगा फोडणारा हात थांबला.

मग सोनेरी कागदाचे मुकुट घालून, बाळदेवाला भेटी घेऊन तीन राजे आले, म्हणजे दोन वॉर्डबॉय आणि दवाखान्याचा दूधवाला. पहिल्यानं सोनं पुढं केलं तोच पोरगी जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं. देवाची आई मरिया झालेली शिकाऊ नर्स गोंधळून नुसती बघत राहिली. मी खुर्चीतून उठेपर्यंत सासूबाई थेट देखाव्यात शिरल्या होत्या.

"आरं, पोरीला कडबा टोचतोय, आन् सोनं कसलं दावताय तिला?" राजाला बाजूला सारून त्यांनी पोरीला उचललं, पदरात गुंडाळलं आणि तिथंच मांडी घालून बसल्या. अंगणात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. पोरगी गप्प होऊन त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली आणि त्या तिच्याकडे. माझे डोळे वाहायला लागले. इतका आनंद मला बाळंत झाल्यावरही झाला नव्हता.

राजांची मात्र पंचाईत झाली. शेवटी तिघांनी आपापली भेट सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. नर्सबाई हळूच म्हणाली, "आजी, बाळाला आता गव्हाणीत ठेवा. अजून एक गाणं राहिलंय."

सासूबाईंनी पदर आणखी घट्ट ओढून घेतला. "म्हना की गाणं. माझी नात हितनंच ऐकंल."