सत्तेचाळीस नंबरचा पत्रा

शाळेत असताना ‘विज्ञान: शाप की वरदान’ या विषयावर मी दोन्ही बाजूंनी बोललो आणि दोन्ही वेळा कप मिळवला. आठवीत विज्ञान वरदान होतं, नववीत ते शाप झालं. मधल्या वर्षात विज्ञानानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, माझी चिठ्ठी तेवढी वेगळी निघाली होती. आमच्या गुरुजींचं म्हणणं असं, की वक्त्यानं नजर भिरभिरू देऊ नये, समोरचा एक बिंदू धरावा. मी घरी खाटेवर उताणा पडून पाठांतर करायचो. वर पत्र्याच्या आतल्या बाजूला लाल रंगात ४७ असा आकडा रंगवलेला होता. तोच माझा बिंदू. तो तिथे का आहे, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येणाऱ्या माणसाला प्रश्न कमी पडतात.

२०११ मध्ये मी ऑकलंडला शिकायला आलो, नंतर इथलाच झालो. शिकलो हॉटेल मॅनेजमेंट आणि नोकरी मिळाली हार्डवेअरच्या दुकानात, काउंटरवर. पत्रे, स्क्रू, पन्हाळ्या विकता विकता पाच-सहा वर्षं गेली. ऑकलंडच्याच मनुरेवा उपनगरात भाड्याचं घर झालं, लग्न झालं, लेक झाली. ही गोष्ट लेक नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हाची. त्या उन्हाळ्यात वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले होते.

वडील निवृत्त तलाठी. पूर येवो, वादळ होवो, आग लागो, कुणाचं काय गेलं याचा पंचनामा गावात त्यांच्या हातचा असायचा. मनुरेवात पंचनामा करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते दिवसभर परसात फेऱ्या मारत. कुंपणापलीकडे साठीच्या एक बाई राहत. सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणायची, म्हणून आम्हीही. त्या एका लहानशा बेटावरच्या. ते बेट स्वतःचं सरकार चालवतं, माणसं मात्र न्यूझीलंडच्या पासपोर्टवर फिरतात, आणि बेटावर आहेत त्यापेक्षा जास्त आमच्या भागात राहतात. आंटींच्या परसात अळू होतं. वडिलांनी ते बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी पानं कुंपणावरून इकडे आली, संध्याकाळी अळूवड्या तिकडे गेल्या. वडिलांचं इंग्रजी जेमतेम, आंटींना मराठीचा गंध नाही. दोघांचं तासन्तास बरं चालायचं. त्या वडिलांना ‘पापा’ म्हणत.

मग त्या बेटावर चक्रीवादळ आलं.

आंटींच्या आईच्या घराचं छप्पर उडालं. आई ऐंशीच्या पुढची, तिथेच राहणारी. ताडपत्री टाकून एका खोलीत दिवस काढत होती. इकडे रेडिओवर वाद पेटला. कुणी म्हणे, आपल्या करातून किती वर्षं यांना पोसायचं. कुणी म्हणे, गरिबी वादळानं आली नाही, ती आधीपासून होती, वादळानं फक्त तिच्यावरचं झाकण उडवलं. संसदेत एक बाजू धक्क्याला आणि विमानतळाला आधी पैसे द्या म्हणत होती, दुसरी घरांना. दुकानात पत्रे घ्यायला येणारा प्रत्येक जण मला स्वतःचं मत देऊन जाई. मीही प्रत्येकाला “टू राइट, मेट”, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून पत्रे देत असे.

त्या शनिवारी फ्लॅट बुशला एका मित्राकडे जेवण होतं. मित्र माझ्याबरोबरच शिकायला आलेला, आता पाच बेडरूमच्या घरात राहणारा. पुरणपोळ्या झाल्यावर सोफ्यावर पाय पसरून मी म्हणालो, “सरकारी मदतीनं माणूस आळशी होतो. आपण नाही का आलो इथे स्वतःच्या हिमतीवर?” माझी हिंमत वडिलांच्या फंडातून आली होती. ते शेजारच्या खुर्चीवर बडीशेप चघळत होते.

मित्र आमच्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक प्रमुख. त्यानं टाळी वाजवली. “अरे, भारी विषय आहे! आपण वादविवाद स्पर्धा ठेवू. एण्ट्री फीचे सगळे पैसे बेटावर पाठवू. ‘आपत्तीत सरकारी मदत: शाप की वरदान!’”

जगात इतर कुठल्याही लोकांच्या डोक्यात हे आलं नसतं. माणसं ताडपत्रीखाली बसली आहेत, आणि आम्ही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या टाकून बाजू वाटणार होतो. मला तेव्हा ते अतिशय उदात्त वाटलं. प्रमुख पाहुणे म्हणून कुणीतरी बेटावरचं हवं, असंही ठरलं. मी छाती फुगवून सांगितलं, “माझ्या शेजारी आहेत ना.”

आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा आंटींनीच आधी एक कागद माझ्या हातात दिला. बेटावरच्या मदत कचेरीचा नियम होता: घर ज्याच्या नावावर, त्यानं त्याच घरात राहत असायला हवं. घर आंटींच्या भावाच्या नावावर. तो वीस वर्षं ऑकलंडला. म्हणून आईचं नाव पत्र्यांच्या यादीतून बाहेर. तक्रार करायची मुदत पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत. भाऊ म्हणे, आपलं कोण ऐकणार. आंटी म्हणाल्या, “यू वर्क विथ रूफ्स. यू टॉक गुड. यू राइट द लेटर फॉर मी?”

“स्वीट ॲज,” मी इथल्या बोलीत होकार दिला. “आजच लिहितो.”

त्या दिवशी माझी चिठ्ठी निघाली. शाप.

आता शापाची तयारी करायची म्हणजे वेळ जाणारच. मी गॅरेजमध्ये जाऊन पाठांतर करू लागलो. तिथल्या छताला काहीच आकडा नव्हता, त्यामुळे नजर ठरेना. मंगळवारी आंटींनी कुंपणावरून विचारलं, “लेटर?” मी म्हणालो, “टुमॉरो, आंटी.” बुधवारी मी त्यांना लांबून बघितलं आणि गॅरेजच्या मागच्या दारानं आत गेलो. गुरुवारी भाषणात एक जागा अडली होती. लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत.

“बाबा, सो व्हिच वन डू यू ॲक्चुअली थिंक?”

“चिठ्ठीत आलं ते,” मी म्हणालो.

शुक्रवारी तर कहर झाला. मी शेवटचा परिच्छेद घोळवत होतो आणि स्वयंपाकघरातून वडिलांचा मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज येत होता. “मॅडम, ईस्ट! ईस्ट दाखवा! नो, नो, बॅक, बॅक!” बरोबर आंटींचं हसणं, फोनवर आणखी कुणीतरी बाई. मी गॅरेजमधून ओरडलो, “अहो बाबा, जरा हळू! मी पाठ करतोय.” आवाज लगेच बंद झाला. मी दार लावून घेतलं.

शनिवारी हॉल भरला होता. आंटी फुलांचा मोठा हार आणि रविवारची पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. आंटींनी नारळ कानाशी धरून हलवला आणि मान नापसंतीनं हलवली. त्यांच्या बेटावरची नारळाची झाडं आडवी झाली आहेत, हे माझ्या भाषणात तीनदा होतं. ते श्रीफळ कुणाला देतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

मी बोललो. काय बोललो! फुकटच्या पत्र्याखाली स्वाभिमान गंजतो, असं एक वाक्य होतं, त्याला टाळ्या पडल्या. जी पिढी यादीत नाव शोधते ती आरशात चेहरा शोधत नाही, असंही एक होतं. त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. आणि पाहुण्यांना कळावं म्हणून, त्यांच्या सोयीसाठी, दर मुद्द्यानंतर मी इंग्रजीतून सारांश सांगत होतो. आंटी माझ्याकडे एकटक बघत होत्या. मला बिंदू मिळाला होता. त्या हाताची घडी घालून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता.

मला पहिलं बक्षीस मिळालं. कप प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. आंटी स्टेजवर आल्या, कप माझ्या हातात दिला, फोटोसाठी जवळ उभ्या राहिल्या आणि कानाशी म्हणाल्या, “व्हेरी लाउड, माय सन. नाउ यू राइट द लेटर?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. फोटोत मी हसतोय. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर अजून आहे, आणि तो बघितला की मला अजूनही तोंड लपवावंसं वाटतं.

गाडीत वडील मागे बसले होते. मनुरेवा आलं. मग म्हणाले, “पाठांतर चांगलं होतं.”

“बाबा, ते पत्र... मी आत्ता बसतो लिहायला.”

“झालंय,” ते म्हणाले. “इंग्रजी तेवढं तू कर. तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

घरी त्यांनी टेबलावर चार पानं ठेवली. वळणदार अक्षर, डावीकडे समास सोडलेला. पंचनामा. ‘आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष सांगतो की...’ शुक्रवारी मी ओरडलो होतो तेव्हा आंटींची बहीण बेटावर फोन हातात धरून घराभोवती फिरत होती आणि वडील आमच्या ओट्यापाशी उभे राहून लिहून घेत होते. किती खण, किती वासे उभे, किती मोडले, ताडपत्री कुठून गळते, म्हातारी कुठे झोपते, किती वर्षं त्याच घरात राहते, पाणी कुठून आणते. जागेवर न जाता पंचनामा केला म्हणून त्यांनी शेवटी माफीही मागितली होती. चतुःसीमा लिहिली होती: उत्तरेस चर्च, दक्षिणेस फणसासारख्या फळाचे झाड, पूर्वेस समुद्र, पश्चिमेस रस्ता व रस्त्यापलीकडे समुद्र. “सगळ्या नोकरीत दोन बाजूंना समुद्र कधी लिहिला नव्हता,” ते म्हणाले. त्या एका ओळीवर ते फार खूश होते.

कागदावर कुठेही शाप नव्हता, वरदान नव्हतं. एक बाई होती, आणि तिच्या डोक्यावर काय होतं आणि काय नव्हतं ते होतं. मी दहा मिनिटं तावातावानं बोललो होतो, त्यात ती बाई एकदाही आली नव्हती. मला मनापासून लाज वाटली. कप मी मायक्रोवेव्हच्या मागे ढकलला आणि भाषांतराला बसलो. ‘समक्ष’ला काय म्हणायचं यावर अडलो, तर वडील म्हणाले, “स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असं लिही. तेवढंच असतं.”

रविवारी चर्चनंतर आंटींच्या जेवणाच्या टेबलावर पाच पंच बसले. सगळे त्या घरात कधी ना कधी राहिलेले, सगळे आता मनुरेवाचे. भावालाही आंटींनी हाताला धरून आणलं. आपली आई त्या घरात राहते आणि त्या घरावर तिचाच हक्क आहे, असं त्यानं वेगळं लिहून दिलं. तीन पंच पुरतील, मी म्हणालो. वडील ऐकेनात, पाच म्हणजे पाच. प्रत्येकाकडून नाव, वय, पत्ता, सही. सही झाली की प्रत्येकाशी हात मिळवत. मी पेन पुरवत होतो. सोमवारी सकाळी ते ईमेलनं गेलं.

उत्तर यायला सहा आठवडे लागले. नाव यादीत आलं. पत्रे जायला आणखी दोन महिने. एण्ट्री फीचे पैसेही कधीतरी पोचले असतील.

वडील परत जायच्या आदल्या आठवड्यात आंटी फोन नाचवत कुंपणापाशी आल्या. फोटो आला होता. म्हातारी खुर्चीत बसलेली, मांडीवर हात, वर नवे कोरे पत्रे. मी धंद्याच्या नजरेनं बघितलं. स्क्रू बरोबर मारले होते, पत्रा जाड होता. फक्त आतल्या बाजूला, म्हातारीच्या बरोबर डोक्यावर, काळ्या रंगात मोठा आकडा लिहिलेला होता. यादीतला नंबर, आंटी म्हणाल्या. कुठला पत्रा कुणाच्या घरचा, ते कळायला.

“एवढं छान घर, नंबर तेवढा वाईट दिसतो,” मी वडिलांना म्हणालो. “थिनरनं पुसला तर निघेल. सांगू का त्यांना?”

वडिलांनी फोन हातात घेतला आणि आकडा मोठा करून बघितला.

“आपण नाही पुसला,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

“मी दहा वर्षांचा होतो. वादळात छप्पर गेलं. पहिल्या यादीत आपलं नाव नव्हतं. तलाठी दुसऱ्यांदा आला, जागेवर बसून लिहून गेला, तेव्हा लागलं. तुझे आजोबा म्हणाले, राहू दे तो आकडा.”

“मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू रोज त्याच्याकडेच बघून पाठ करायचास,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुला माहीत आहे.”

मी काय पाठ करायचो ते मला आठवलं. स्वावलंबनावर एक भाषण होतं, तालुक्याला दुसरं आलेलं. ते त्याच पत्र्याखाली पाठ केलं होतं. पाऊस आत येत नव्हता म्हणून जमलं होतं.

लेक आमच्यामध्ये उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं माझा शर्ट ओढला.

“बाबा, सो व्हॉट वॉज अवर नंबर?”

“सत्तेचाळीस,” मी म्हणालो.