पौर्णिमेच्या आत

श्रीमती मंगलाबाई शहारे, वय सत्तावन्न (अंदाजे), शिक्षण सातवी, व्यवसाय शेतमजुरी. विहार समितीच्या ठरावान्वये वर्षावासापुरत्या ग्रंथवाचक, मानधन निरंक. कर्तव्ये : आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज सायंकाळी विहारात ग्रंथाचे क्रमाने, स्पष्ट व न अडखळता वाचन करणे आणि विहित मुदतीत तो पूर्ण करणे. बालकांबाबत ठरावात उल्लेख नाही.

उल्लेख नव्हता, म्हणूनच सगळी भानगड झाली.

मोहाडी तालुक्यातलं ते गाव धानाचं. वर्षावास लागतो तेव्हा नेमकी रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालू असते. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाया संध्याकाळी विहारात येत, पंचशील म्हणत आणि वाचन सुरू झालं की भिंतीला टेकून डोळे मिटत. समिती याला चिंतन म्हणत असे. जागी असायची फक्त पोरं, तीही शेवटी वाटल्या जाणाऱ्या फुटाण्यांसाठी. त्यांचा गोंगाट आवरावा एवढ्याच हेतूनं मंगलाबाईनं एकदा त्यांना जवळ बसवून ओळीखाली बोट धरलं, वाचत गेली आणि ओळीतला शेवटचा शब्द गिळून टाकला. पोरांनी तो भरला. दुसऱ्या दिवशी तिनं दोन शब्द सोडले. पोळा आला तोवर पोरं आळीपाळीनं अख्खी ओळ वाचत होती आणि पाळी कोणाची यावरून एकमेकांना चिमटे काढत होती.

त्यांत रोवणीवरच्या सुलोचनाबाईची नात हर्षा होती, पहिलीतली. पोरगी शाळेत तोंडच उघडत नाही, असं गुरुजींनी सुलोचनाबाईला बोलावून सांगितलं होतं. इथं मात्र तिचं बोट ओळीवर असं चिकटायचं की पान उलटायला मंगलाबाईला ते उचलून बाजूला ठेवावं लागे. त्या बोटापायी एकेका पानाला तिप्पट वेळ जाई. भादवा संपत आला, ग्रंथ अर्ध्यावरही नव्हता.

समितीचे अध्यक्ष यादोराव कारकुनी करून निवृत्त झाले होते. 'मुदत' हा शब्द त्यांनी ऑफिसातून सोबत घरी आणला होता. एका संध्याकाळी त्यांनी ग्रंथ हातात घेऊन राहिलेल्या पानांची जाडी चिमटीत धरून पाहिली.

"मंगलाबाई, हे विहार होय का बालवाडी?"

"पोरं वाचून राहिली न, भाऊ."

"वाचून नाई राहिली, चघळून राहिली. पौर्णिमेच्या आत ग्रंथ झाला त ठीक. नाई त पुढच्या साली धम्मदीप बसते वाचायले, माइकवर. अन् पोरं बाहेर."

धम्मदीप म्हणजे यादोरावांचा पुतण्या. तो इतक्या वेगानं वाचे की पूर्णविराम मागे राहून जात.

मंगलाबाईला वाचकाच्या आसनाची हौस नव्हती. बसून बसून तिचे गुडघे तसेही धरत. पण 'बाहेर' हा शब्द तिच्या मनात रुतला. बाहेर म्हणजे रस्ता, आणि हर्षाचं बोट पुन्हा फ्रॉकच्या खिशात. वेळ वाढवून मिळणार नव्हता, पोरं वेग वाढवणार नव्हती. उरली पानं.

तिनं पहिल्यांदा दोन पानं एकदम उलटली तेव्हा तिच्या कानशिलांवर घाम आला. कोणी हललं नाही. भिंतीशी चिंतन चालू होतं. मग ते रोजचंच झालं : आधी पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायचं, आणि थोड्या वेळानं अंगठ्याखाली दोन पानं एकत्र दाबायची. राहिलेल्या पानांची जाडी भराभर उतरली. यादोराव प्रसन्न झाले. "पाहा, मनावर घेतलं त होते," असं ते दोघाचौघांना म्हणाले.

आश्विन पौर्णिमेला विहारापुढे मांडव घातला. पांढऱ्या लुगड्यांनी अंगण भरलं. चुलीवरच्या मोठ्या गंजात खीर रटरटत होती. आशीर्वाद द्यायला आलेल्या भंतेजींना अजून एका गावचं समापन करायचं होतं, त्यामुळे त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. मंगलाबाईसमोर माइक ठेवला होता, मांडीशी हर्षा होती, आणि शेजारी यादोराव बसले होते, इतके जवळ की त्यांचा श्वास ऐकू यावा. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, पण तेही जास्तच होतं. मधलं एक पान गेलं तर भागणार होतं.

ग्रंथातल्या एका म्हाताऱ्या बाईनं प्रश्न विचारला आणि पान संपलं. मंगलाबाईनं दोन पानं उलटली, पुढचं वाचायला लागली. हर्षाचं बोट मात्र हललं नाही.

"आजी," माइकमधून अख्ख्या गावाला ऐकू गेलं, "मंग त्या बाईले उत्तर नाई भेटलं?"

"भेटलं, बेटा," मंगलाबाई म्हणाली. "पुढं भेटते."

"पुढं दुसरंच हाये. पान सुटलं."

मांडवात कोणी तरी हसलं. यादोरावांनी ग्रंथावर हात ठेवला. "हे आजच सुटलं का?" त्यांनी हर्षाला हळूच विचारलं. पण माइकला हळू कळत नव्हतं.

"परवाबी सुटलं होतं. मी बोलली नाई. आजी घाईत होती."

आता विहाराच्या भिंतीला टेकलेल्या बायाही जाग्या होत्या. पानं चिकटली होती, असं म्हणता आलं असतं; पावसाळ्यात चिकटतातच. ते वाक्य मंगलाबाईच्या ओठांपर्यंत आलं. तिनं खाली पाहिलं. पोरीचं बोट अजून त्याच प्रश्नावर होतं.

"मीच सोडलं," ती माइकमध्ये म्हणाली. "आजबी, परवाबी, त्याच्या आधीबी. पौर्णिमेच्या आत व्हावं म्हणून."

मग तिनं यादोरावांचा हात बाजूला केला, पान मागं उलटलं आणि माइक हर्षापुढं ओढला. "वाच माय. तुयी पाळी हाये."

हर्षा वाचू लागली. एक शब्द, मग दम, मग दुसरा. धम्मदीपनं दोनदा पुढं होऊन माइक घ्यायचा प्रयत्न केला. सुलोचनाबाईनं दोन्ही वेळा त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. "गप रे! त्या बाईले उत्तर भेटू दे." त्या बाईला उत्तर मिळालं तोवर भंतेजी घाईनं आशीर्वाद देऊन मोटारसायकलवर बसले होते आणि खिरीला साय धरली होती. मांडवात अर्धीअधिक माणसं बसून होती. ती कशासाठी थांबली, ग्रंथासाठी की खिरीसाठी, हे समितीनं विचारलं नाही.

पुढच्या बैठकीत सर्वानुमते ठरलं की ग्रंथवाचन विहित मुदतीत व विधिवत पूर्ण झाले, आगामी वर्षावासासाठी वाचक म्हणून श्री. धम्मदीप यांची नियुक्ती करण्यात येत आहे, आणि वाचनकाळी बालकांनी विहाराबाहेर थांबावे.

सुटलेली सगळी पानं पोरांनी ग्रंथ मागून आणून मंगलाबाईच्या ओसरीत बसून वाचली. ती धानकापणीच्या दिवसांत संपली.